गारमच्या घशातलं काळं पान

पान्सूने कोयता उलटा फिरवला आणि त्याची मूठ चांगूच्या तोंडावर हाणली, तेव्हा योन्सिम कमरेइतक्या पाण्यात उभी होती. दात तुटल्याचा आवाज तिला लाटांवरूनही ऐकू आला. चांगू खडकावर गुडघे टेकून पडला. तोंडातून रक्त गळत होतं, तरी हातातली मियॉक शेवाळाची जुडी त्याने सोडली नव्हती. ते पाहून पान्सूने कोयता सुलटा केला.

"सोड म्हणतो ना! तुझ्या बापाचा खडक आहे का हा?"

"बापाचाच आहे," चांगू रक्त थुंकत म्हणाला. "तुझा बाप आमच्याकडे हात जोडून मागायला यायचा."

पातं त्याच्या मनगटाच्या वर खोल गेलं. जुडी सुटली आणि ती रुंद, ओली, तपकिरी पानं पाण्यावर पसरली. मग योन्सिमच्या आणि शेजारच्या बेटाचे पुरुष एकमेकांवर तुटून पडले. कुणी वल्ह्याने मारत होतं, कुणी दगडाने. एका म्हाताऱ्याला दोघांनी ढकललं, तो कालवांच्या धारदार शिंपल्यांवरून घसरत खाली आला आणि त्याची पाठ सोलून निघाली. मोठ्या ओहोटीला हे खडक जेमतेम तासभर उघडे पडायचे, आणि वर्षाचं मियॉक त्या तासांतच कापायचं असायचं. त्यामुळे खडक कुणाचा यावरून शिवीगाळ दरवर्षी व्हायची. कोयता मात्र आजवर माणसावर चालला नव्हता.

शेजारच्या बेटाच्या लोकांनी चांगूला उचलून होडीत टाकलं आणि ते निघून गेले. पान्सू सगळ्यात उंच खडकावर चढला आणि हसत राहिला.

योन्सिमचा नवरा दोकबे होडीचा दोर धरून उभा होता. पान्सू त्याचा थोरला भाऊ. लहानपणापासून दोकबेने भावाचा मार खाल्ला होता आणि त्याच्यासमोर मान वर करायची नाही एवढंच तो शिकला होता.

"तो माणूस मरेल," योन्सिम होडीशी येऊन म्हणाली. "गेल्या वर्षी आपण त्याच्या घरी जेवलो होतो."

"गप बस. दादा ऐकेल."

"ऐकू दे की."

"योन्सिम, आज गारमचा वाढदिवस आहे. आजच्या दिवस गप बस."

गारम त्यांचा मुलगा, आज तो वर्षाचा होत होता. बेटावर त्याच्या आधी कित्येक वर्षांत मूल जन्मलं नव्हतं. शाळा बंद पडली होती आणि तिच्या अंगणात लोक गिम शेवाळाची कागदासारखी पातळ पानं वाळत घालायचे. म्हणून गारम एकट्या योन्सिमचा नव्हताच, तो सगळ्या बेटाचा होता. जो तो येऊन त्याचे गाल ओढायचा आणि खिशातून काहीतरी काढून त्याच्या तोंडाजवळ न्यायचा. तो जन्मला तेव्हा पान्सू भरल्या समुद्रात एकटा पोहत सगळ्यात लांबच्या खडकावर गेला होता. बाळंतिणीच्या सूपासाठी माणसाएवढं लांब मियॉक, कुठेही न मोडता, न दुमडता, त्याने खांद्यावरून आणलं होतं. येताना शिंपल्यांनी त्याची छाती फाटली होती. त्याची स्वतःची बायको, मारून मारून तिचा कान बहिरा झाल्यावर, शहराकडे निघून गेली होती. मूल त्याला नव्हतंच.

योन्सिम मूळची डोंगराकडची. त्यामुळे बाळाच्या तोंडात काय घालायचं हा तिचा अधिकार कुणी मानलाच नाही. तिची सासू बोंगन्यो म्हणायची, "हिला शेवाळ म्हणजे पाय घसरायची जागा, एवढंच ठाऊक." बाळ सहा महिन्यांचं होत आलं तशी म्हातारी दुधाच्या पावडरीत साध्या पाण्याऐवजी जाड पट्ट्याच्या शेवाळाचा काळसर अर्क घालायला लागली. रोज, गुपचूप. हळूहळू बाळ मलूल झालं. रडणं कमी झालं, शी होईना, दिवसभर झोपून राहायचं. दवाखान्यातल्या प्यो नर्सने त्यांना बोटीने शहरात पाठवलं. तिथे रक्त तपासल्यावर कळलं, की अर्कातलं आयोडीन एवढ्याशा जिवाला फार झालंय आणि गळ्यातली ग्रंथी मंदावली आहे.

घरी आल्यावर योन्सिमने अर्काची बाटली अंगणात फोडली.

"चार पोरं वाढवली मी ह्यावर!" सासू ओरडली.

"दोनच राहिली, आई."

बोंगन्योने तिच्या कानशिलात अशी लगावली, की योन्सिमचं डोकं दाराच्या चौकटीवर आपटलं आणि भुवईपाशी चिरलं. मग म्हातारी पायरीवर बसली आणि संध्याकाळपर्यंत उठली नाही. आपण उलट बोललो याचं योन्सिमला वाईट वाटलं, पण तिने माफी मागितली नाही. बाटली बंद झाली, बाळ पुन्हा पाय झाडायला लागलं, मोठ्याने रडायला लागलं. ते रडणं ऐकून म्हातारी एकदा कुणाकडे न बघता म्हणाली, "तुझी ती नर्स अजून काय म्हणते?"

नर्स म्हणत होती की शेवाळ द्या, पण दमाने. तो दाट अर्क नकोच. मियॉक द्यायचं तर मीठ पार धुवून, मधला कडक देठ काढून, अगदी मऊ शिजवून, आणि तेही पेजेत चिमूटभर, आठवड्यातून एखाद-दुसऱ्या वेळी. नवीन काही दिलं की दोन-तीन दिवस थांबायचं आणि अंगावर पुरळ उठतं का, पोट बिघडतं का बघायचं. वाळलेल्या गिमचं पान तर कधीच हातात द्यायचं नाही. ते ओलं झालं की टाळ्याला चिकटतं आणि घशात जाऊन बसतं. द्यायचंच तर बिनमिठाचं, चुरून पेजेत पार विरघळवून.

म्हातारीने यातलं काही ऐकलंय असं दाखवलं नाही. पण दुसऱ्याच आठवड्यात तिने स्वतः मियॉक भिजत घातलं, फेस येईपर्यंत तळहातांनी चोळलं, पाणी बदलून बदलून धुतलं आणि देठ नखाने सोलून कोंबड्यांपुढे टाकला. शिजलेली पानं तिने चाळणीवर एवढी घासली की हिरवा लगदा तेवढा खाली उतरला. योन्सिमने तो पेजेत कालवला. गारमने पहिला चमचा खाऊन तोंड वाकडं केलं आणि दुसऱ्यासाठी आऽ केला. सासू-सुना त्या दिवशी पहिल्यांदा एकत्र हसल्या.

प्यो नर्सने आणखी एक गोष्ट योन्सिमला उशीवर करून दाखवली होती. घास अडकून बाळाला श्वास घेता येईना, खोकताही येईना, तर काय करायचं ते. वाढदिवसाच्या दिवशी नर्स रजेवर, शहरात होती.

दुपारी अंगणात चटया पसरल्या. सगळं बेट आलं होतं. एका बाजूला मोठ्या कढईत मियॉकचं सूप उकळत होतं, दुसऱ्या बाजूला निखाऱ्यांवर बोंगन्यो लोखंडी चिमट्याने गिमची पानं शेकत होती. गारमला रंगीत रेशमी झगा घातला होता आणि तो टोपी ओढून काढायच्या खटपटीत होता. खडकावरचा विषय कुणी काढत नव्हतं. सरपंच म्योंगसिक तेवढा प्रत्येकाच्या कानाशी लागत होता, "विचारलं तर सांगायचं, चांगू शिंपल्यांवर घसरला. सगळ्यांनी एकच सांगायचं."

पान्सू उशिरा आला. त्याने तोंड धुतलं नव्हतं. कपाळावर, दाढीत, सदऱ्यावर चांगूचं रक्त वाळलं होतं आणि त्याला दारूचा भपकारा येत होता.

"कुठंय माझा वाघ?" त्याने योन्सिमच्या कडेवरून गारमला ओढून घेतलं. "वर्षाचा झाला माझा वाघ! काय चारलं रे तुला?"

"भावोजी, हात धुऊन या ना आधी," योन्सिम म्हणाली.

"का? आपल्या खडकासाठी सांडलेलं रक्त आहे. लागू दे पोराला." लोक थोडे हसले. पान्सूने निखाऱ्यांजवळच्या थाळीतून गिमचं अख्खं पान उचललं. "शेवाळवाल्याचं पोर आणि पेज खातंय! डोंगरातल्या बाईने बकरी करून ठेवलीय."

"भावोजी, ते नको! ते पान नको, चिकटतं ते—"

"तुझ्या नवऱ्याला विचार. त्याला मीच चारलं होतं. मेला का तो?"

आणि त्याने पानाची घडी करून बाळाच्या तोंडात कोंबली.

गारमने एकदा चावलं. डोळे मोठे केले. मग त्याचं तोंड उघडलं ते उघडंच राहिलं. खोकला नाही, रडणं नाही, काहीच आवाज नाही. हात तेवढे हवेत झाडत होते.

"बघा, कसा आवडीने..." पान्सू बोलता बोलता थांबला. बाळाचे ओठ जांभळे पडत होते. त्याने घाबरून आपलं जाड बोट बाळाच्या तोंडात घातलं आणि आत ढकललं.

"बोट काढा! आत जाईल! द्या इकडे त्याला!"

योन्सिमने बाळाला ओढलं. पान्सूने सोडलं नाही. त्याला कळतच नव्हतं, तो बाळाला छातीशी घट्ट आवळून "थांब, थांब" एवढंच म्हणत होता. ती त्याच्या दंडाला कडकडून चावली, तोंडात रक्ताची चव आली, तरी तो सोडेना. मग तिने सासूच्या हातातला तापलेला चिमटा हिसकावला आणि सगळ्या ताकदीने त्याच्या मनगटावर हाणला. दुसरा फटका त्याच्या कानावर बसला, कातडी चरचरली. पान्सू गुरासारखा ओरडला आणि त्याचे हात सुटले.

तिने बाळाला हवेतच झेललं. खाली बसली, हाताच्या लांबीवर त्याला पालथं घातलं, डोकं खाली, जबडा बोटांत धरलेला. आणि तळहाताच्या टाचेने ती त्याच्या पाठीवर, दोन खवाट्यांच्या मध्ये, मारायला लागली. हळू नाही. धप्प, धप्प आवाज सगळ्या अंगणात घुमला.

"अगं मारतेय ती पोराला!" कुणी बाई किंचाळली. "वेड लागलं हिला!"

शेजारची हेगुम काकू मागून धावली आणि तिने योन्सिमचे केस धरून डोकं मागे खेचलं. योन्सिमने मान ताणून धरली, पण हात थांबवला नाही. मग पान्सूची लाथ तिच्या बरगड्यांत बसली. आत काहीतरी कट्‌कन मोडलं. ती बाळावर ओणवी झाली, कमानीसारखी, आणि दुसरी लाथ पाठीवर घेतली.

"सोड माझं पोर!" पान्सू गरजला. "आज मारूनच टाकतो हिला!"

तिसरी लाथ पडली नाही. बोंगन्योने कढईतून भांडंभर उकळतं सूप उचललं होतं आणि ते आपल्या थोरल्या मुलाच्या छातीवर फेकलं होतं. तो किंचाळत कोसळला. सदरा कातडीला चिकटला.

"हेगुम, केस सोड तिचे!" म्हातारी रिकामं भांडं उगारून म्हणाली. "ती पोराला वाचवतेय. तिच्या अंगाला जो हात लावेल त्याच्या डोक्यात घालीन हे."

हेगुमने केस सोडले. योन्सिमने बाळाला उताणं केलं. चेहरा शिशासारखा झाला होता, हात आता झाडत नव्हते. तिने दोन बोटं छातीच्या मधोमध ठेवून दाबलं, पुन्हा, पुन्हा. तोंडात बोट घालायचं नाही, दिसलं तरच काढायचं, असं नर्सने सांगितलं होतं. काही दिसेना. तिने पुन्हा पालथं घातलं. बरगडीतली कळ डोळ्यांत येत होती. 'आपल्याच हातांनी याची पाठ मोडली तर?' एवढा विचार तिच्या मनात आला आणि तिने आणखी जोरात मारलं.

एक काळा, चिकट गोळा चटईवर पडला.

क्षणभर काही नाही. मग गारमने श्वास आत ओढला, त्याचा घरघर आवाज आला, आणि मग तो रडला. इतक्या जोरात की कोंबड्या उडाल्या. हेगुम काकू जागच्या जागी खाली बसली आणि डोक्याला बांधलेला रुमाल तोंडात कोंबून रडायला लागली.

तेवढ्यात पान्सू उठला. भाजलेल्या छातीवर फोड येत होते आणि त्याच्या हातात भिंतीला टांगलेला कोयता होता.

"आईने," तो म्हणाला, "आईने मला भाजलं. हिच्यासाठी."

दोकबे आजवर ज्या वाटेने जायचा त्या वाटेने, म्हणजे बाजूला, गेला नाही. तो भाऊ आणि बायकोच्या मध्ये उभा राहिला. त्याच्या हातात वल्हं होतं.

"दादा, ठेव तो."

"बाजूला हो, नाहीतर तुझ्यापासून सुरुवात."

"ठेव, दादा."

पान्सूने कोयता फिरवला. पातं दोकबेच्या खांद्याला चाटून गेलं आणि सदरा लाल झाला. दोकबेने डोळे मिटले आणि वल्हं मारलं. ते पान्सूच्या गुडघ्यावर बसलं. हाड मोडलं. पान्सू पडल्यावरही दोकबे मारत राहिला, पाठीवर, हातांवर, ओरडत, "माझ्या पोराला! माझ्या बायकोला! मला!" चार माणसांनी धरल्यावर तो थांबला. मग वल्हं टाकून तो भावाशेजारीच बसला आणि त्याने त्याचं डोकं मांडीवर घेतलं. दोघं रडत होते. योन्सिमला त्या वेळी दोघांचीही दया आली नाही.

चांगूच्या माणसांनी तक्रार केल्यामुळे दिवस मावळायच्या आत पोलिसांची बोट धक्क्याला लागली. पान्सूला स्ट्रेचरवर घातलं. अधिकाऱ्याने एकेकाला विचारलं. सगळ्यांनी सांगितलं की चांगू शिंपल्यांवर घसरला. दोकबेनेही तेच सांगितलं, जमिनीकडे बघत.

"आणि तुम्ही?" अधिकाऱ्याने योन्सिमला विचारलं.

म्योंगसिक तिच्या कानाशी आला. "पान्सूही तुझ्याच घरातला माणूस आहे. खडक गेला तर सगळ्यांचा जाईल. विचार कर, पोरी."

तिने गारमला दुसऱ्या कडेवर घेतलं. मोडलेल्या बरगडीमुळे तिला बोलायलाही थांबत थांबतच जमत होतं. "घसरला नाही," ती म्हणाली. "आधी तोंडावर मारलं. मग त्याने मियॉक सोडलं नाही म्हणून हातावर. मी पाण्यात होते, समोर."

चांगूचा हात राहिला, पण बोटं मिटेनाशी झाली. पान्सूला शिक्षा झाली. खडक कुणाचा याचा निकाल लागेपर्यंत तो दोन्ही बेटांना बंद झाला, आणि त्याचा राग बेटाने योन्सिमवर काढला. तिच्या सगळ्या कोंबड्या एका सकाळी माना मुरगळलेल्या सापडल्या. होडीचा दोर कापला. खिडकीतून आलेला दगड पाळण्यापासून हातभर अंतरावर पडला. त्या दिवशी दोकबे तो दगड घेऊन दारोदार गेला आणि प्रत्येक दारात म्हणाला, "हा कुणाचा? माझ्या तोंडावर मारा." कुणी पुढे आलं नाही. दगड यायचे थांबले.

घरात वेगळीच लढाई चालू होती. गारम तोंड उघडेना. काळं, हिरवं काहीही दिसलं की किंचाळायचा, चमचा जवळ आला की चावायचा. एकदा त्याने पेजेची वाटी योन्सिमच्या तोंडावर फेकली आणि तिचा ओठ फुटला. तिचा हात उगारला गेला. स्वतःचा उगारलेला हात पाहून ती न्हाणीघरात जाऊन बसली आणि सासूने हाक मारली तरी बाहेर आली नाही.

"राहू दे शेवाळ," सासू दाराबाहेरून म्हणाली. "त्याच्यावाचून काही मरत नाही तो. भात खाईल, बटाटे खाईल."

"राहू दे म्हणता तुम्ही?"

"म्हणते. तुला काय वाटलं, मला शेवाळ प्यारं आहे?"

पण प्यो नर्स म्हणाली, जबरदस्ती करू नका आणि लपवूही नका, त्याला नुसतं खेळू द्या. म्हणून योन्सिमने परातीत पाणी घेऊन भिजवलेलं, देठ काढलेलं मियॉक ठेवलं आणि स्वतः शेजारी बसली, क्षणभरही न हलता. पहिले बरेच दिवस तो लांबूनच ओरडायचा. मग काठीने मारायला लागला. मग हाताने. पान पाण्यावर आपटायचं, ते चपकन उडायचं, त्याला हसू यायचं. पानगळीच्या सुमाराला त्याने एक पान उचलून आजीच्या डोक्यावर ठेवलं. थंडीत एके दिवशी योन्सिम सूप पीत असताना तो आला आणि तिच्या वाटीकडे बोट दाखवून म्हणाला, "दे."

तिने मियॉकचा मऊ शिजलेला तुकडा कात्रीने नखाएवढा केला, भातात चेचला, त्याला सरळ बसवलं आणि चमचा त्याच्याच हातात दिला. तो चावत होता तेव्हा तिने आपला हात त्याच्या पाठीमागे तयार धरला होता. त्याने गिळलं. जीभ बाहेर काढून दाखवली. दोकबे उठून अंगणात गेला आणि बराच वेळ आत आला नाही.

हेगुम काकू त्याच थंडीत दाराशी आली. तिची लेक नातीला घेऊन राहायला येणार होती. "ते कसं मारलं होतंस," ती मान खाली घालून म्हणाली, "मला शिकव." योन्सिमने उशी आणली.

"एवढ्या जोरात?" हेगुमने विचारलं.

"एवढ्याच जोरात, काकू. हळू मारलंत तर पोर जाईल."

पुढच्या वर्षी पान्सू सुटला. लंगडत वर आला आणि फाटकापाशी उभा राहिला. छातीवरचे भाजल्याचे डाग सदऱ्याच्या गळ्यातून दिसत होते. योन्सिम लाकडं फोडत होती, हातात कुऱ्हाड होती. तिने ती खाली ठेवली नाही.

"एकदा बघू दे त्याला," तो म्हणाला.

"तिथूनच बघा, भावोजी."

गारम अंगणात मांजरामागे पळत होता. पान्सू बघत राहिला. "मी त्याला मारायला नव्हतो गेलो," तो शेवटी म्हणाला. "तुला ठाऊक आहे ते."

"ठाऊक आहे. म्हणून काय झालं?"

बोंगन्यो घरातून एक बोचकं घेऊन बाहेर आली. "हे पोरही माझंच आहे," ती सुनेला म्हणाली, "ह्याला कुणी स्वयंपाक करून घालायचा?" तिने गारमचं डोकं कुरवाळलं, फाटक उघडून बाहेर गेली आणि स्वतःच्या हातांनी ते बंद केलं. उतारावर पान्सूने तिचं बोचकं घ्यायला हात पुढे केला. तिने दिलं नाही. दोघं पुढे-मागे खाली उतरत गेली आणि योन्सिम ती दोघं वळणाआड जाईपर्यंत कुऱ्हाड धरून उभी राहिली.